'तोपची'मधला 'ची' आपला नव्हे

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरायला गेलं की एक सिद्धान्त हमखास कानावर येतो: 'तोपची, मशालची, खजांची... बघा, सगळीकडे आपला षष्ठीचा ची! तोफेची जबाबदारी ज्याची, तो तोपची.' ऐकायला झकास, पण साफ चूक.

आपला प्रत्यय लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. ठाण्याचा तलाव, ठाण्याची खाडी, ठाण्याचे रस्ते. तोपची मात्र चांगला मिशीवाला पुरुष असला तरी 'ची'च राहतो, 'चा' होत नाही. शिवाय मराठीत प्रत्ययाआधी सामान्यरूप लागतं: तोफ, तोफेची. 'तोपची'त तो 'ए' गेला कुठे?

हा 'ची' तुर्की. फारसीच्या वाटेने इकडे आला. त्याचा अर्थ 'ते काम करणारा', म्हणजे जवळजवळ आपला 'वाला'. आजही तुर्कस्तानात तोफ चालवणारा 'तोपचू', दूधवाला 'सुत्चू' आणि मासेवाला 'बालिकचि'. तिथेही प्रत्यय बदलतो, पण लिंगामुळे नाही. आधीच्या स्वराशी सूर जुळवायला. 'मशालची'ची तर गंमतच: मशाल अरबी, शेपूट तुर्की, आणि वर चढलेला आपला 'ची' (आत्ता या वाक्यात चढला तो) मराठी.

आणि खुर्ची? तिथे प्रत्ययच नाही. अरबी 'कुर्सी'तल्या 'स'चा आपल्या तोंडी 'च' झाला, इतकंच. तलावपाळीवरच्या काकांना मी हे सांगितलं, तर म्हणाले, "मग मिरचीचं काय?"