पहिल्या १५ सेंटिमीटरांच्या खाली

शेतकऱ्याला त्याच्या मातीच्या तपासणीचा अहवाल देणाऱ्या केंद्र सरकारच्या मृद आरोग्य पत्रिका योजनेची सुरुवात १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला झाली. तेव्हापासून ‘तुमच्या रानाचा सेंद्रिय कर्ब किती?’ म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत राहिलेला कार्बन किती, हा प्रश्न पारावरच्या गप्पांतही ऐकू येऊ लागला. पत्रिकेवर बारा आकडे असतात. त्यांत सामू (आम्ल-विम्लपणा, म्हणजे पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं येतात. नमुना घेतात तो वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरातला. सुरुवातीच्या पद्धतीत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना घेत, म्हणजे पंचवीस एकरांचं निदान एका पिशवीभर मातीवर.

अशा तपासणीचा उपयोग नाही, असं अजिबात नाही. कर्नाटकात २००९ साली हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साथीने ‘भूचेतना’ कार्यक्रम सुरू झाला. माती तपासल्यावर कोरडवाहू रानांत गंधक, जस्त आणि बोरॉन यांची मोठी तूट दिसली. तोवर सगळ्यांचं लक्ष युरिया आणि डीएपीच्या गोण्यांवर होतं. तूट भरून काढल्यावर उत्पादन लक्षात येण्याइतकं वाढलं. पण भारी काळ्या जमिनीची खरी दुखणी बहुतेकदा खाली असतात आणि तिथवर पत्रिका पोहोचत नाही.

आधी कर्बाचा हिशेब मांडू. एक हेक्टर रानाच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण दोन हजार टन माती असते. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर न्यायचा तर या मातीत दोन टन कर्ब जास्तीचा टिकला पाहिजे. आपण घातलेल्या काडीकचऱ्यातल्या कर्बाचा बराचसा भाग जिवाणू खाऊन हवेत सोडतात. पाचवा हिस्सा मातीत राहिला तरी नशीब म्हणायचं. म्हणजे दोन टन टिकवायला दहा टन कर्ब हवा आणि सुक्या पाल्यापाचोळ्याच्या भाषेत तो वीस टनांच्या वर जातो. तेवढ्यानं फक्त ०.१ टक्का वाढ, तीही आधीचा कर्ब जागच्या जागी राहिला असं धरून. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देणाऱ्या बाटल्या विकायला येतात, तेव्हा विक्रेत्याला हा हिशेब जरूर मांडायला लावावा.

आधीचा कर्ब जागच्या जागी राहत नाही, हीच कोरडवाहू भागाची गोम. सोलापूरकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेची पाणी ओढून घेण्याची ताकद त्याच्या दुपटीहून जास्त आहे. माती तापते, कडक वाळते, मग अचानक भिजते. केनियातल्या मुगुगा इथे काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की वाळलेली माती भिजवली की ती भराभर कार्बन डायऑक्साइड सोडते आणि तिच्यातला नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात मोकळा होतो. वाळताना मेलेले जिवाणू आणि उघडे पडलेले सेंद्रिय पदार्थ यांवर वाचलेले जिवाणू तुटून पडतात. मृगाच्या पावसानंतर रान हिरवंगार दिसतं, त्यात या मोकळ्या नत्राचाही वाटा असतो. मात्र दर ओल्या-कोरड्या फेऱ्यात साठ्यातला थोडा कर्ब खर्ची पडतो. म्हणून इथे साठा किती यापेक्षा दरसाल भर किती पडते, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

त्याचा एक ढोबळ आकडा आंध्रातल्या अनंतपूरच्या प्रयोगांनी दिला. तिथे तांबड्या जमिनीवर भुईमुगाच्या वीस वर्षांच्या नोंदी आहेत. कर्बाची पातळी नुसती टिकवायलाच दरसाल हेक्टरी सुमारे १.१ टन कर्ब जमिनीत जायला हवा, असं त्यांतून निघालं. एकराच्या भाषेत सांगायचं तर मुळं धरून साधारण एक टन सुकं वाळकं द्रव्य. भारी काळ्या जमिनीला हाच आकडा जसाच्या तसा लागू पडणार नाही, पण अंदाज बांधायला तो बरा आहे.

आता खाली उतरू. काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. रब्बी ज्वारीत शेवटची कोळपणी या भेगा बुजवायलाच असते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे उगाच म्हणत नाहीत. याच मातीत चुनखडीचे खडे सापडतात. चुनखडी म्हणजे जमिनीचा जुना, निरुपद्रवी सोबती असा समज आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतल्या डी. के. पाल आणि सहकाऱ्यांनी त्याला धक्का दिला. कोरड्या हवामानात मातीतलं पाणी उडून जातं, तसा त्यातला कॅल्शियम चुन्याच्या रूपात साकळतो आणि चिकणमातीच्या कणांना मिळेनासा होतो. त्याची रिकामी जागा सोडियम बळकावतो. सोडियमने वेढलेले कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ते सुटतात, बारीक छिद्रं बुजवतात आणि पाणी खाली मुरेनासं होतं. पाणी खाली गेलं नाही की खालचे थर आणखी कोरडे राहतात आणि चुना आणखी साकळतो. हवामान कोरडं होत जाणं हे स्वतःच जमीन बिघडवणारं कारण आहे, असा याचा अर्थ होतो.

अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हे याचं ठळक उदाहरण. कणांवरच्या सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांपुढे गेलं की जमीन चोपण, असा पुस्तकी नियम होता. पूर्णा खोऱ्यातल्या कपाशीच्या रानांत पाहिलं, तर ५ टक्क्यांवरच पाणी मुरण्याचा वेग घसरलेला आणि उत्पादन खाली आलेलं. बाहेरच्या मातीवर बेतलेला नियम आपल्या स्मेक्टाइटला लावला, तर बिघडत चाललेलं रान कागदावर ठणठणीत दिसतं. शिवाय ही बिघाडाची सुरुवात दोन-तीन फुटांखाली होते. वरच्या थराचा सामू तेव्हा फारसं काही सांगत नाही.

मग उपाय काय? जिप्सम हे कॅल्शियमचं खनिज; ते घातलं की कॅल्शियम मिळतो, हे खरं. पण कॅल्शियमचा साठा तर चुनखडीच्या रूपात रानातच पडून आहे. तो सोडवण्याचं काम मुळं करतात. मुळं आणि त्यांच्याभोवतीचे जिवाणू श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो ओलीत विरघळून सौम्य आम्ल होतं, चुना विरघळतो आणि सुटा झालेला कॅल्शियम सोडियमला हटवतो. मात्र त्यासाठी मातीत ओल आणि जिवंत मुळं एकाच वेळी हवीत. आपल्या भारी जमिनीत परंपरेने नेमकं हेच घडत नव्हतं. पावसाळ्यात चिखलामुळे औत चालत नाही, पाणी तुंबतं, म्हणून खरीप पड ठेवायचा आणि साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी किंवा हरभरा घ्यायचा. मुसळधार पावसात रान उघडं.

पाटनचेरूला १९७६ पासून एका छोट्या पाणलोटात या प्रश्नावर प्रयोग चालू आहे. एका बाजूला परंपरागत पद्धत. दुसऱ्या बाजूला रुंद वरंबा-सरी, पाऊस सुरू होण्याआधीच धूळपेरणी, ज्वारीत तुरीचं आंतरपीक, माफक खतं आणि बांधावर गिरिपुष्प, म्हणजे पाल्याच्या खतासाठी लावायचं झाड. परंपरागत बाजूला वर्षाकाठी हेक्टरी सुमारे एक टन धान्य, सुधारित बाजूला पाच टनांच्या आसपास. वाहून जाणारी माती साडेसहा टनांवरून दीड टनावर आली. माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा कर्बाचा आहे. चोवीसेक वर्षांनंतर १२० सेंटिमीटर खोलीपर्यंत मोजलं, तेव्हा परंपरागत रानात हेक्टरी ३९.५ टन सेंद्रिय कर्ब होता आणि सुधारित रानात ४६.८ टन. वर्षाला साधारण एक तृतीयांश टनाची भर. सुधारित रानात चुनखडीही कमी होत गेल्याचं नोंदलं गेलं. तुरीची पानगळ वर पडली आणि तिची मुळं खोल गेली. खताची गाडी जिथे पोहोचत नाही, तिथे पिकानेच कर्ब नेला.

हे सगळं इतकं सरळ असेल, तर गावोगाव का दिसत नाही? कारण कडबा गुरांना लागतो आणि दुष्काळी वर्षी तो ज्वारीच्या दाण्याइतकाच भाव खातो. तो रानात गाडा असं सोलापूरच्या शेतकऱ्याला सांगायला तोंड कुठून आणायचं? शेणाच्या गोवऱ्या होतात. उरलेलं शेणखत विहिरीजवळच्या उसाला जातं, जिरायताच्या वाट्याला क्वचितच. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राच्या शिफारशीत यातून निदान अर्धी वाट निघते. रब्बी ज्वारीला लागणारा हेक्टरी ५० किलो नत्र निम्मा पिकाच्या अवशेषांतून आणि निम्मा सुबाभळीच्या पाल्यातून द्यायचा. बांधावरची सुबाभूळ किंवा गिरिपुष्प कडब्याशी स्पर्धा करत नाही. तिची छाटणी करायला मजूर लागतो, हा खर्च मात्र शिफारशींच्या पुस्तिकांत नीट मांडलेला मला क्वचितच दिसतो.

खोलवरचा बिघाड ओळखायला प्रयोगशाळेची वाट बघायची गरज नाही. रानात तीन फूट खड्डा घ्यावा आणि तळाच्या थरातलं वाळलेलं छोटं ढेकूळ काचेच्या पेल्यात स्वच्छ पावसाच्या पाण्यात ठेवावं. हलवू नये. बोअरचं पाणी चालणार नाही, त्यातले क्षार खरी स्थिती झाकतात. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं, तर ठीक. ढेकळाभोवती गढूळ, दुधाळ वलय पसरत गेलं, तर तिथे सोडियमने कण सुटे केलेत. अशा वेळी त्याच खोलीचा नमुना वेगळ्या पिशवीत भरून, पिशवीवर खोली लिहून, विनिमययोग्य सोडियमसाठी, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमसाठी, तपासायला द्यावा. जिप्सम किती घालायचा ते त्या आकड्यावर ठरतं, आणि घालण्याआधी चर काढून पाण्याला वाट करून द्यावी लागते. नाहीतर सुटलेला सोडियम रानातच फिरत राहतो.