वाटेत की बाजूला? ब्रँचमधल्या वॅन ऑप्टिमायझरची पार्श्वभूमी

ब्रँच ऑफिसमध्ये वॅन ऑप्टिमायझर, म्हणजे शाखा आणि मुख्य ऑफिस यांच्यातल्या लांबच्या नेटवर्कवरचं (वॅन) काम वेगाने करणारा बॉक्स, घ्यायचं ठरलं की किमतीची घासाघीस लवकर संपते, केबलचा वाद मात्र संपत नाही. बॉक्स राउटर (शाखेला बाहेर जोडणारा) आणि स्विच (आतली मशीन जोडणारा) यांच्या मध्ये, थेट वाटेत बसवायचा, की बाजूला ठेवून राउटरकडून ट्रॅफिक त्याच्याकडे वळवायचं? एकदा केलेली निवड सहसा पाच-सात वर्षं तशीच राहते. म्हणून हा वाद आला कुठून, ते पाहू.

१९९०च्या दशकात प्रत्येक शाखेत स्वतःचा फाइल सर्व्हर असे, मेल सर्व्हर असे आणि रोज रात्री बदलायची बॅकअपची टेपही असे. ती टेप बऱ्याचदा अकाउंट्समधलं कुणीतरी आठवणीने बदलायचं, कारण शाखेत आयटीचा माणूस नसायचाच. पुढे खर्च वाचवायला आणि अमेरिकेत २००२च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर हिशेबाच्या नोंदी ताब्यात ठेवायला कंपन्यांनी हे सर्व्हर उचलून मुख्य डेटा सेंटरमध्ये नेले. शाखेतली माणसं मात्र होती तिथेच राहिली. काल दोन सेकंदांत उघडणारी फाइल आज मिनिटभर घेऊ लागली.

पहिला उपाय सगळ्यांनी एकच केला, लिंक मोठी घेतली. बिल वाढलं, फाइल तितकीच हळू राहिली. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, आणि हा आकडा पैसे मोजून वाढत नाही. पुण्याहून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला सुमारे २५० मिलिसेकंद लागतात असं धरू. टीसीपी म्हणजे डेटा पोचल्याची खात्री करत पाठवायचा नेटवर्कवरचा नियम. त्याच्या मूळ रचनेत पोच मिळायच्या आत जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट पाठवता येतात. म्हणजे सेकंदाला चार खेपा, एकूण साधारण २.१ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). लिंक १०ची असो वा ४५ची, एका कनेक्शनच्या वाट्याला तेवढंच. ही मर्यादा ओलांडायची युक्ती १९९२च्या आरएफसी १३२३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात होती, पण विंडोज एक्सपीपर्यंतच्या ऑफिसातल्या मशीनवर ती सहसा वापरात नसे. त्यावर विंडोजचा जुना फाइल प्रोटोकॉल सीआयएफएस भलताच बोलघेवडा. साठेक केबीचा तुकडा मागायचा, उत्तराची वाट पाहायची, मग पुढचा मागायचा. दहा एमबीच्या फाइलला अशा १७० फेऱ्या, म्हणजे चाळीस सेकंदांहून जास्त वेळ नुसता वाट पाहण्यात.

आपल्याकडच्या बँकांना हे दुखणं आणखी आधी कळलं होतं. रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने १९९९मध्ये बँकांसाठी इन्फिनेट हे नेटवर्क सुरू केलं, तेव्हा त्याचा कणा व्हीसॅट, म्हणजे छोट्या डिशमार्फत उपग्रहाशी जोडणी, होता. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. एक निरोप वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर धरलं तर अर्धा. यावर तोड म्हणून व्हीसॅटच्या उपकरणातच टीसीपीला फसवण्याची सोय असे. पलीकडून पोच यायच्या आत अलीकडचं उपकरणच खोटी पोच देऊन पाठवणाऱ्याला पुढे रेटायचं. जून २००१च्या आरएफसी ३१३५मध्ये अशा प्रॉक्सींची (मध्ये बसून दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्या उपकरणांची) रीतसर नोंद झाली. इथे ‘बॉक्स कुठे ठेवू’ हा प्रश्नच आला नाही, छतावरच्या डिशची केबल ज्या डब्यात शिरायची त्यातच सगळं होतं.

दुसरा धागा विद्यापीठांतून आला. तीच फाइल थोडी बदलून पुन्हापुन्हा तारेवरून जाते, मग नवीन तेवढंच का पाठवू नये? स्प्रिंग आणि वेदरॉल यांचा २०००चा शोधनिबंध आणि २००१ची एलबीएफएस ही फाइल सिस्टिम, दोन्हींच्या मुळाशी ही कल्पना आहे. डेटाचे तुकडे त्याच्या मजकुरावरून पाडायचे, प्रत्येकाला छोटी खूण द्यायची आणि दोन्ही टोकांना ते साठवून ठेवायचे. एकदा गेलेला तुकडा पुन्हा जात नाही, फक्त खूण जाते. यासाठी दोन्ही टोकांना बॉक्स हवेत आणि दोन्ही टोकं आपल्या ताब्यात हवीत. ही अट तेव्हा कुणाला अट वाटली नाही.

बीपीएफ आणि टीसीपीडंप या नेटवर्कवरची पॅकेट टिपणाऱ्या साधनांच्या जनकांपैकी एक असलेल्या स्टीव्ह मॅकॅन यांनी जेरी केनेली यांच्यासोबत २००२मध्ये रिव्हरबेड ही कंपनी काढली. २००४मध्ये त्यांचा स्टीलहेड हा वॅन ऑप्टिमायझर बाजारात आला आणि धावपळ उडाली. सिस्कोने २००४मध्ये ॲक्टोना ही याच क्षेत्रातली कंपनी घेतली, पुढच्या वर्षी ज्युनिपरने पेरिबिट आणि एफ-फाइव्हने स्वान लॅब्ज, २००६मध्ये सिट्रिक्सने ऑर्बिटल डेटा.

केबलचा वाद इथून पेटला. स्टीलहेडचा भर वाटेतच बसण्यावर होता. शाखेत कुणी जाणकार नाही, तर दोन केबल लावा आणि विसरा. पलीकडचा जोडीदार बॉक्स तो टीसीपीच्या पहिल्याच पॅकेटमध्ये ऑप्शन (एक जादा खूण) घालून आपणच शोधायचा. वीज गेली किंवा बॉक्स मेला तर आतला रिले खट्कन दोन्ही पोर्ट जोडायचा आणि बॉक्सची नुसती तार व्हायची. यातली एक मेख अनेकांच्या उशिरा लक्षात आली. बॉक्स तार झाला की राउटर आणि स्विच एकमेकांशी थेट बोलू लागतात, म्हणून राउटरच्या बाजूला क्रॉसओव्हर केबल (आतल्या तारा उलट जोडलेली) आणि स्विचच्या बाजूला सरळ, शिवाय दोघांचा स्पीड आणि डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडून बोलायचं की पाळीपाळीने) जुळलेला लागतो. चूक असली तरी रोजचं काम बिनबोभाट चालतं. नेमका बॉक्स बंद पडतो त्या दिवशी शाखाही बंद पडते. बायपासची (बॉक्सची तार होण्याच्या सोयीची) चाचणी प्लग उपटूनच करावी असं माझं मत त्यामुळेच झालं आहे.

सिस्कोचा कल दुसरीकडे असणं साहजिक होतं, कारण राउटर त्यांचाच. वेब कॅशकडे ट्रॅफिक वळवण्यासाठी १९९७मध्ये त्यांनी डब्ल्यूसीसीपी हा प्रोटोकॉल आणला होता, तोच त्यांच्या वास या वॅन ऑप्टिमायझरच्या कामी आला. बॉक्स बाजूला राहतो आणि तो उत्तर देईनासा झाला की राउटर वळवणं थांबवतो. सोय मोठी, पण छोट्या शाखेतल्या राउटरच्या सीपीयूवर भार पडतो आणि सेटिंगही जाणत्याच्या हातचं काम. डब्ल्यूसीसीपी नसेल तिथे पॉलिसी रूटिंग, म्हणजे राउटरवर हाताने लिहिलेला वळवायचा नियम, वापरत. त्यात बॉक्स जिवंत आहे का हे तपासायची सोय वेगळी केली नाही, तर मेलेल्या बॉक्सकडे ट्रॅफिक निमूटपणे जात राहतं.

शाखेला दोन लिंक असल्या तर वेगळीच पंचाईत. पॅकेट एका लिंकने जातं, उत्तर दुसरीने येतं, आणि बॉक्सला अर्धंच संभाषण ऐकू येतं. अर्ध्यावर तो काहीच करू शकत नाही. शिवाय स्टीलहेडचं आपापसातलं बोलणं मुळात ७८०० या टीसीपी पोर्ट क्रमांकावरून चालायचं, त्यामुळे मधल्या क्यूओएसला (कुठलं ट्रॅफिक आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेला) आणि नेटफ्लोला (ट्रॅफिकची नोंद ठेवणाऱ्या सोयीला) सगळं एकाच रंगाचं दिसे. सिस्कोने मूळ पत्ते आणि पोर्ट तसेच ठेवले, पुढे रिव्हरबेडनेही तो पर्याय दिला. पण अनोळखी ऑप्शन खुडून टाकणाऱ्या फायरवॉलांनी दोघांनाही छळलं.

मग एकेक कारण विरत गेलं. विंडोज व्हिस्टासोबत आलेल्या एसएमबी २ने, म्हणजे सीआयएफएसच्या पुढच्या आवृत्तीने, फेऱ्या कमी केल्या आणि २००९मध्ये विंडोजमध्येच शाखेत फाइलींची प्रत साठवणारं ब्रँचकॅश आलं. सगळीकडे एचटीटीपीएस झाल्यावर कूटबद्ध डेटात पुनरावृत्ती दिसेना. ती दिसावी म्हणून सर्व्हरच्या किल्ल्या बॉक्सच्या हवाली कराव्या लागत, आणि सुरक्षावाले कपाळाला आठ्या घालत. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टचं क्लाउडवरचं ऑफिस ३६५ आलं तेव्हा जुनी अटच मोडली, पलीकडचं टोक आपलं राहिलं नाही. रिव्हरबेड २०१५मध्ये ३.६ अब्ज डॉलरला खाजगी झाली आणि नोव्हेंबर २०२१मध्ये तिने दिवाळखोरी संरक्षण मागितलं. याच क्षेत्रातली सिल्व्हर पीक वेळीच एसडी-वॅनकडे, म्हणजे शाखेच्या लिंक सॉफ्टवेअरने चालवणाऱ्या नव्या पद्धतीकडे, वळली, आणि २०२०मध्ये एचपीईने (ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने) ती ९२.५ कोटी डॉलरला घेतली.

आज वॅन ऑप्टिमायझेशन बहुतेक वेळा एसडी-वॅन बॉक्समधलं एक वाढीव लायसन्स असतं. हा बॉक्स बऱ्याच शाखांत राउटरचंच काम करतो, म्हणजे तो वाटेतच असतो. पण तो मेला तर रिले खट्कन वाजून भागत नाही, कारण तार व्हायला मागे राउटरच उरलेला नसतो. म्हणून ज्या शाखेला तासभरही बंद राहणं परवडत नाही, तिथल्या कोटेशनमध्ये बॉक्सची संख्या दोन असते.