नडगी आणि घोट्याच्या अस्थिभंगांवरील शस्त्रक्रिया

गुडघ्याखालच्या पायात शरीराचा बहुतेक भार पेलणारे नडगीचे हाड, म्हणजे टिबिया, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेले सडपातळ फिब्युला अशी दोन हाडे असतात. या दोहोंची खालची टोके मिळून एक खोबण तयार होते आणि तिच्यात टॅलस हे हाड बसून घोट्याचा सांधा बनतो. मोडलेली हाडे जागेवरून सरकलेली नसतील, किंवा बसवल्यावर स्थिर राहत असतील, तर प्लास्टर पुरते. हाडे अस्थिर असणे, सांध्याचा पृष्ठभाग तुटणे, जखमेतून हाड उघडे पडणे किंवा रक्तवाहिनीला इजा होणे ही शस्त्रक्रियेची मुख्य कारणे होत.

शस्त्रक्रिया कधी करायची हे पुष्कळदा हाडापेक्षा त्वचाच ठरवते. नडगीच्या आतल्या अंगावर स्नायूंचे आवरण नसल्याने हाड सहज कातडी फाडून बाहेर येते आणि नडगीच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठाही तोकडा असतो. उघड्या अस्थिभंगांची प्रतवारी गस्टिलो आणि अँडरसन यांनी 1976 मध्ये मांडलेल्या पद्धतीने करतात. अशा रुग्णाला शक्य तितक्या लवकर प्रतिजैविके देऊन जखम धुतली जाते आणि मृत ऊतक काढून टाकले जाते. हाड झाकण्याइतकी त्वचा उरली नसेल, तर प्लास्टिक सर्जनच्या मदतीने स्नायूचा किंवा त्वचेचा पट्टा तेथे आणावा लागतो. पोटरीतील स्नायू चार बंदिस्त कप्प्यांत असतात. त्यांतील दाब वाढून रक्तप्रवाह अडला, तर इजेच्या मानाने असह्य वेदना होतात आणि पायाची बोटे ताणल्यावर त्या वाढतात. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे असते. अशा वेळी काही तासांतच कप्प्यांची आवरणे उभी चिरून दाब मोकळा करावा लागतो.

नडगीच्या मधल्या भागासाठी हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवणे ही प्रचलित पद्धत आहे. बोलीत यालाच ‘रॉड टाकणे’ म्हणतात. गेरहार्ड क्युंचर यांनी 1940 च्या सुमारास पोकळीतील दांड्याची पद्धत पुढे आणली. आजचा दांडा गुडघ्याजवळून क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत आत सरकवतात आणि दोन्ही टोकांना आडवे स्क्रू घालून हाडाचे फिरणे व आखडणे रोखतात. येथे प्रत्येक तुकडा तंतोतंत जुळवण्याची गरज नसते; लांबी, सरळपणा आणि पीळ योग्य राहिला की पुरते.

घोट्यात मात्र मिलिमीटरचाही हिशेब लागतो. टॅलस अवघा 1 मिलिमीटर बाहेर सरकला, तरी सांध्यातील संपर्कक्षेत्र सरासरी 42 टक्क्यांनी घटते, असे 1976 मधील प्रयोगात आढळले होते. म्हणून फिब्युलाची लांबी प्लेट व स्क्रूंनी पूर्ववत करतात, आतला घोटा बहुधा दोन स्क्रूंनी बसवतात आणि दोन हाडांना बांधणारे अस्थिबंध फाटले असल्यास आडवा स्क्रू किंवा मजबूत दोरा घालतात. फिब्युला गुडघ्याजवळ मोडल्याचे दिसले, तरी घोटा तपासणे आवश्यक असते, कारण खरी इजा तेथे असू शकते.

उंचावरून पडल्याने नडगीचे घोट्यालगतचे टोक चिरडते, तेव्हा सूज फार येते. घाईने प्लेट बसवल्यास जखम उकलण्याची व जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. म्हणून आधी हाडात पिना घालून त्यांना बाहेरून जोडलेल्या चौकटीने पाय ताणून ठेवतात आणि त्वचेवर सुरकुत्या दिसू लागल्यावर, बहुधा 1 ते 2 आठवड्यांनी, मुख्य शस्त्रक्रिया करतात. फारच चुरा झालेल्या हाडासाठी इलिझारोव्ह यांनी विकसित केलेली वर्तुळाकार चौकट उपयोगी पडते.

रॉडनंतर पुष्कळांना लवकर भार टाकता येतो; घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र बहुधा 6 आठवडे थांबण्यास सांगितले जाते. धूम्रपानाने हाड जुळण्यास उशीर होतो, आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या रुग्णांत बसवलेली जोडणी निखळण्याचा धोका अधिक असल्याने त्यांना जास्त काळ भार न टाकता ठेवतात. हाड जुळल्यावर प्लेट किंवा रॉड काढलाच पाहिजे असे नाही. तो टोचत असेल किंवा तेथे संसर्ग झाला असेल, तर काढतात.