आखाड्याला परवानगी लागायची तेव्हापासून: मराठवाड्यातल्या स्वसंरक्षणाची पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की परभणी, लातूर, बीड कुठंही जा, शाळेच्या ग्राउंडवर पांढऱ्या ड्रेसमधली पोरं-पोरी ओळीत उभी राहून पंच मारायलेली दिसतात, आणि कडेला बसलेलं कुणीतरी म्हणतंच की हे कराटे-बिराटे आत्ता आलंय, आमच्या टायमाला असलं काही नव्हतं. मला हे अजिबात पटत नाही. कराटे नवं असेल, पण अंगावर आलेल्या माणसाला तोंड द्यायला शिकणं हे आपल्याकडं लई जुनं आहे.

गावात मारुतीचं देऊळ आणि त्याला लागूनच तालीम, ही जोडी कुणाला सांगायची गरज नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचा, आणि बलोपासना म्हणलं की त्यांचंच नाव पुढं येतं. तालमीत नुसती कुस्ती नव्हती हे मात्र लोक विसरलेत. जोर, बैठका, जोडी फिरवणं हे रोजचं, पण त्याच्याबरोबर लाठी, बनेटी (टोकांना गोळे लावलेली फिरवायची काठी), पट्टा (लांब पात्याची तलवार), फरीगदका हे पण वस्ताद शिकवायचे. फरी म्हणजे छोटी ढाल आणि गदका म्हणजे चामडं गुंडाळलेली काठी, खऱ्या तलवारीनं कुणी मरू नये म्हणून सरावाला ती. म्हणजे समोरच्यानं खराखुरा वार करायचा आणि आपण तो अडवायचा, ही पद्धत आपल्याकडं होतीच.

नांदेडला तर हे आजही डोळ्यानं बघायला मिळतं. गुरु गोविंदसिंगजी १७०८ मध्ये नांदेडला आले आणि तिथंच त्यांनी देह ठेवला, तेव्हापासून शस्त्राचा मान त्या गावात टिकून आहे. होळीच्या टायमाला हल्लाबोल म्हणजे शिखांची मिरवणूक निघते तेव्हा गटका, म्हणजे त्यांचा काठी-तलवारीचा खेळ, खेळणारी पोरं बघितली की अंगावर काटा येतो. गटका आणि आपला गदका, नावातच सोयरीक आहे.

आता मुख्य गोष्ट. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथं सभा घ्यायला परवानगी, खाजगी शाळा काढायला परवानगी, आणि आखाडा काढायचा तरी परवानगी. साधं पोरांनी एकत्र येऊन बैठका मारायच्या तर सरकारचा कागद पाहिजे, विचार करा. १९३८-३९ मध्ये आर्य समाजानं जो सत्याग्रह केला त्याच्यामागच्या तक्रारींमध्ये धर्मस्वातंत्र्याबरोबर ही आखाड्यांची पण तक्रार होती. उदगीरचे आर्य समाजी कार्यकर्ते भाई श्यामलाल त्याच काळात बिदरच्या तुरुंगात वारले. सरकारला तालमीची भीती का वाटायची ते उघड आहे, जिथं चाळीस पोरं रोज पहाटे जमतात, एका वस्तादाचं ऐकतात, आणि मार खायला घाबरत नाहीत, ती जागा कुठल्याही सत्तेला नकोच असते.

पुढं रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचा, काळ आला. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरलाच वकिली करायचा. गावागावात रात्रीची गस्त सुरू झाली, लाठ्या, गोफणी, जे हाताला येईल ते घेऊन लोक उभे राहिले, आणि संस्थानच्या हद्दीबाहेर सरहद्दीवर कॅम्प लागले तिथं तरुणांना हत्यार चालवायला शिकवलं गेलं. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके बंदूक चालवायच्या, हे मी मुद्दाम सांगतोय कारण पोरींनी हे कशाला शिकायचं असं विचारणारे अजून आहेत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं.

आणि मग एक बदल झाला ज्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. धोका गेला, तशी लाठी आणि फरीगदका मागं पडले आणि तालमीत उरली फक्त कुस्ती. कुस्तीनं आपल्याला लई दिलं, लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० ला एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१९ ला जागतिक स्पर्धेत ब्राँझ आणलं. माळेगावच्या जत्रेतला आखाडा अजून भरतो. पण हे सगळं पैलवानासाठी. साध्या पोराला आणि घरातल्या पोरीला स्वतःला सोडवून कसं घ्यायचं हे शिकवणारं कुणी राहिलं नाही, ती जागा रिकामी पडली.

त्याच रिकाम्या जागेत कराटे आलं. ज्युदो जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ ला सुरू केलं, काळ्या बेल्टची पद्धत पण त्यांचीच. ओकिनावाचं कराटे गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ ला टोकियोत दाखवलं. आपल्या देशात रवींद्रनाथांनी १९२९ लाच ताकागाकी नावाच्या जपानी ज्युदो गुरूंना शांतिनिकेतनात बोलावलं होतं आणि तिथं मुली सुद्धा शिकत होत्या. आपल्या तालुक्यापर्यंत यायला मात्र ब्रूस लीची पोस्टरं लागली.

माझी तक्रार कराटेवर नाही, शिकवण्यावर आहे. बऱ्याच क्लासमध्ये काता म्हणजे एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली पाठ करायच्या, परीक्षा फी भरायची, बेल्ट घ्यायचा, संपलं. समोर जोर लावणारा माणूसच नसेल तर ते उपयोगाला येत नाही, आणि हे आपल्या कुठल्याही जुन्या वस्तादाला सांगावं लागलं नसतं, कारण हौद्यात, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या मातीत, उतरलं की समोरचा खरंच ओढायचा. कायदा पण कुणी सांगत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंड संहितेत ९६ ते १०६ कलमांत होता, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ मध्ये आहे. धोका असेल तोवरच हा हक्क, आणि वाचायला लागेल तेवढाच मार, पळून जाणाऱ्याच्या मागं लागून मारलं तर तो हक्क राहत नाही. अ‍ॅसिड हल्ला होत असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचावच धरला जाऊ शकतो, हे २०१३ च्या दुरुस्तीनं आलं. पोरींना हे पहिल्या आठवड्यात सांगायला पाहिजे.

माझी पुतणी सध्या जिथं जाते तिथले सर आधी कुस्ती करायचे. त्यांनी पहिले पंधरा दिवस किक-पंच काहीच शिकवलं नाही, नुसतं मनगट धरायचं आणि सोडवायचं, धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवून झटका द्यायचा, कारण पकड तिथंच कच्ची असते, आणि त्याच वेळेला मोठ्यानं ओरडायचं. ओरडायलाच तिला जास्त दिवस लागले, घरात आवाज खाली ठेव असंच आम्ही सगळे तिला सांगत आलोत. परवा तिनं मला मनगट धरायला लावलं, मी खरंच दाबून धरलं. दोनदा सुटली नाही. तिसऱ्यांदा ओरडली आणि सुटली, शेजारच्या काकू धावत बाहेर आल्या.