चालणं अधिक पावडर म्हणजे दुप्पट फायदा?

‘रोज अनशापोटी कारल्याचा रस, मग तासभर चालणं, वर मल्टिव्हिटॅमिन, महिन्यात शुगरची गोळी बंद!’ टाइप २ मधुमेहाबद्दलचा हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातलं चालणं तेवढं खरं.

व्यायाम करताना स्नायू इन्सुलिनवर फारसे अवलंबून न राहता रक्तातली साखर ओढून घेतात. नंतरही २४ ते ४८ तास शरीर इन्सुलिनला जास्त दाद देतं. म्हणून आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम, आणि सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

डब्यातल्या मालाची, म्हणजे पावडरी, रस आणि व्हिटॅमिनं यांची, कथा वेगळी. दालचिनी आणि कारलं यांच्यावरच्या चाचण्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये तपासल्या. भरवशाचा पुरावा सापडला नाही. उलट २००९ मध्ये जर्मनीत निरोगी तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत व्हिटॅमिन सी (१००० मिलिग्रॅम) आणि ई दिलं, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा सुधारलेला प्रतिसादच दबला. ते मधुमेही नव्हते आणि पुढच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत. पण ‘दुप्पट फायदा’ हे गणित काही जमत नाही.

अपवाद व्हिटॅमिन बी-१२ चा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं; तपासणीत कमी निघालं तर जरूर घ्यावं. साखरेसाठी नव्हे, नसा आणि रक्तासाठी.

खरा धोका ग्लिमेपिराइड ही शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी घेणाऱ्यांना. गोळी, कारल्याचा रस आणि रिकाम्या पोटी चालणं एकत्र आलं तर साखर एकदम खाली येऊ शकते: हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. अशा वेळी आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर तपासायची.