मनगटावरचे ठोके आणि दहा टक्क्यांची सवलत

व्यायाम करताना मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके बरोबर मोजतं का, हा वाद दहा वर्षं चालू आहे. एकाच घड्याळाला एक अभ्यास पास करतो आणि दुसरा नापास. यात कुणी खोटं बोलत असतं असं नाही. 'अचूक' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने आपापला धरलेला असतो.

घड्याळातलं तंत्र जुनं आहे. त्वचेवर प्रकाश टाकून खालच्या रक्ताची भरती-ओहोटी टिपण्याचे प्रयोग अमेरिकेत सेंट लुइसला १९३० च्या दशकातच झाले होते. १९७० च्या दशकात जपानमध्ये त्यातूनच आजचा ऑक्सिमीटर निघाला. पण तो बोटाला लावायचा, आणि रुग्ण पडून असायचा. धावणाऱ्या माणसासाठी वाट वेगळी निघाली. फिनलंडमध्ये बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंच्या सरावासाठी १९८२ साली छातीचा पट्टा बाजारात आला. हा पट्टा हृदयाचा विद्युत संदेश पकडून बिनतारी पद्धतीने मनगटावर पाठवतो. पुढची तीस वर्षं खेळाडूंचा भरवसा या पट्ट्यावरच राहिला.

इथे आपल्या भाषेतला एक भेद कामाचा आहे. पट्टा मोजतो ते ठोके, घड्याळ मोजतं ती नाडी. आणि ही नाडी वैद्यांच्या तीन बोटांखालची नाही. वैद्य अंगठ्याच्या बाजूच्या धमनीवर बोटं ठेवतात. घड्याळ बसतं मनगटाच्या पाठीवर, जिथे वर हाडं आणि ताणलेल्या कंडरा, आणि त्वचेत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या. घड्याळाचा हिरवा प्रकाश तेवढ्याच उथळ थरापर्यंत जातो. थंडीत, किंवा धावायला लागल्यावर पहिली काही मिनिटं, तिथलं रक्त कमी होतं. डंबेल उचलताना किंवा सायकलचं हँडल धरताना मनगट वळतं, कंडरा ताणल्या जातात आणि सेन्सर जागचा हलतो. वजनं उचलणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या तक्रारी जास्त का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

पट्ट्याशिवाय, धावतानाही ठोके दाखवण्याचा दावा करणारी घड्याळं २०१२-१३ च्या सुमारास आली, आणि २०१५ मध्ये बाजार भरून गेला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या औषध नियामकाने 'सर्वसाधारण आरोग्या'साठीची कमी जोखमीची उपकरणं वैद्यकीय उपकरणांसाठीच्या तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा मसुदा काढला. जुलै २०१६ मध्ये तो अंतिम झाला. रोगनिदानाचा दावा न करणाऱ्या घड्याळाला आपला आकडा किती खरा आहे हे नियामकापुढे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. जाहिरातीत धावणारा माणूस आणि त्याचे ठोके, आणि बारीक अक्षरात 'हे वैद्यकीय उपकरण नाही'. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. प्रत्येक घड्याळ दवाखान्याच्या कसोटीला उतरावं असं मी म्हणत नाही, पण निदान चूक किती आहे ते खोक्यावर छापायला लावता आलं असतं.

नियामक बाजूला झाल्यावर प्रश्न न्यायालयात आणि विद्यापीठांत गेला. जानेवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी एका मोठ्या कंपनीवर दावा लावला. जोरदार व्यायामात घड्याळाचा आकडा भरकटतो, अशी तक्रार होती. फिर्यादींनी करवून घेतलेल्या ४३ जणांच्या चाचणीत मध्यम ते जोरदार व्यायामात सरासरी २० ठोक्यांच्या आसपास फरक निघाला. चाचणीचे पैसे फिर्यादींनी दिले, तेव्हा ती पक्षपाती, हे कंपनीचं उत्तर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ५० जणांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून चार घड्याळं ईसीजीशी ताडून पाहिली. १ म्हणजे तंतोतंत जुळणी धरली, तर छातीच्या पट्ट्याची ०.९९ आली, घड्याळांची ०.८३ ते ०.९१. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका गटाने ६० जणांवर सात घड्याळं तपासली आणि सातपैकी सहांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत असल्याचं सांगितलं. कॅलरींचे आकडे मात्र सगळ्यांचेच फसले होते. सर्वांत चांगल्या घड्याळाची चूकही २७ टक्के होती. जाहिरातींत यातला '५ टक्क्यांच्या आत' हा भागच उचलला जाणार, हे ओघाने आलं.

मग २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने स्वतःच मानक काढलं. त्यात ठोक्यांतली चूक सरासरीने १० टक्क्यांच्या आत असली की घड्याळ पुरेसं अचूक. दवाखान्यातल्या मॉनिटरसाठीच्या अमेरिकी मानकातही १० टक्के किंवा ५ ठोके, यांतलं जे जास्त ते चालतं, त्यामुळे आकडा ओळखीचा आणि निरुपद्रवी वाटला. पण तो मॉनिटर असतो खाटेवरच्या माणसाला. धावणाऱ्यासाठी हे १० टक्के म्हणजे काय, ते मांडून पाहायला हवं.

चाळिशीतला धावणारा घ्या. नेहमीच्या ढोबळ हिशेबाने, म्हणजे २२० वजा वय, त्याच्या हृदयाची कमाल गती मिनिटाला १८० ठोके. सरावाचे झोन, म्हणजे जोराच्या पायऱ्या, या कमाल गतीच्या ५० टक्क्यांपासून पुढे दहा-दहा टक्क्यांचे असतात, म्हणजे एक झोन १८ ठोक्यांचा. याचे खरे ठोके १३५, तिसऱ्या झोनच्या बरोबर मध्यावर. घड्याळाने १२२ दाखवले तर तो दुसऱ्या झोनमध्ये, निवांत धावतोय. १४८ दाखवले तर चौथ्यात, जोर लावतोय. दोन्ही आकडे १० टक्क्यांच्या आत आहेत. जी गोष्ट पाहायला त्याने घड्याळ घेतलं, तीच सांगण्याची सक्ती या मानकाने घड्याळावर ठेवलेली नाही.

दुसरी गोम 'सरासरी' या शब्दात आहे. यवतेश्वरच्या घाटात, एका जानेवारीच्या पहाटे, ती मला नीट कळली. चढ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, घड्याळ १७४ दाखवत होतं. मी सोबतच्या मित्राशी गप्पा मारत होतो, श्वास लागलेला नव्हता. थांबलो आणि लगेच मानेवर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजले. ३४ ठोके, म्हणजे मिनिटाला १३६. घड्याळावर नजर ठेवून उभा राहिलो तर अर्ध्या मिनिटात १७४ वरून घसरत ते १३० च्या खाली आलं. घरी येऊन पाहिलं, त्या टप्प्यातली माझी पावलं मिनिटाला १७२ ते १७५. घड्याळ माझी पावलं मोजत होतं. हात पावलांच्या तालावर हलतो, हाताबरोबर मनगटातलं रक्त हेलकावतं, आणि तो ताल नाडीच्या तालापेक्षा ठळक असला की आतलं गणित त्यालाच नाडी समजतं. धावणाऱ्यांत याला 'कॅडन्स लॉक' म्हणतात.

आता तासाभराची धाव धरा. पंधरा मिनिटं घड्याळ पावलांना चिकटलं आणि ३० टक्के चुकलं. उरलेली पंचेचाळीस मिनिटं फक्त २ टक्के चूक. सरासरी निघते ९ टक्के. म्हणजे मानकाप्रमाणे पास. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी 'इतक्या ठोक्यांच्या वर जायचं नाही' असं बजावलेला माणूस चढावर असताना त्याला ती पंधरा मिनिटं खरी हवीत. उरलेल्या पाऊण तासातली चांगली वागणूक त्याच्या काय उपयोगाची? पुढे युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने तुलना ईसीजीशीच करावी आणि सरासरीबरोबर चूक किती पसरली आहे तेही छापावं, असं सुचवलं. सुचवण्या पाळणं अर्थात ऐच्छिक.

त्वचेच्या रंगाचा मुद्दा आपल्याकडे वरचेवर निघतो आणि तो रास्त आहे. मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषतं. २०१७ च्या त्या ६० जणांच्या अभ्यासात गडद त्वचेच्या लोकांमध्ये चूक जास्त दिसली, तर २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ५३ जणांवर झालेल्या अभ्यासात रंगामुळे ठळक फरक आढळला नाही. हालचालीने मात्र चूक विश्रांतीच्या तुलनेत सरासरी ३० टक्क्यांनी वाढली. त्यातही मोजपट्टीच तोकडी: त्वचेचा प्रकार ठरवायला बहुतेक ठिकाणी वापरतात ती सहा पायऱ्यांची मोजपट्टी १९७५ ची, गोऱ्या त्वचेला अतिनील किरणांचा डोस किती द्यायचा हे ठरवण्यासाठी केलेली. गडद त्वचेच्या पायऱ्या तिला नंतर जोडल्या.

सप्टेंबर २०१८ मध्ये एका घड्याळाच्या ईसीजीला अमेरिकी नियामकाची परवानगी मिळाली आणि गोंधळ आणखी वाढला. ती परवानगी आहे स्वस्थ बसून, दुसऱ्या हाताचं बोट टेकवून काढलेल्या ३० सेकंदांच्या आलेखाला. धावताना लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याशी तिचा संबंध नाही. तरी 'मान्यताप्राप्त घड्याळ आहे, चुकेल कसं' हे वाक्य धावण्याच्या प्रत्येक गटात ऐकू येतं.

आजची घड्याळं २०१६ च्या घड्याळांपेक्षा बरीच सुधारली आहेत, एकसारख्या गतीच्या धावेत तर नक्कीच. पण कोणतं किती, हे ताज्या अभ्यासावरून सांगणं अवघड, कारण चाचणी होऊन निबंध छापून येईपर्यंत मॉडेल जुनं झालेलं असतं आणि आतलं गणित अपडेटमध्ये बदललेलं असतं. ओहायोच्या चार घड्याळांपैकी एक तर निबंध प्रसिद्ध होण्याच्या दोन महिने आधीच, मनगटावर तापतं म्हणून, कंपनीने बाजारातून परत मागवलं होतं.