घर्षण ब्रेक (रेल्वे व अवजड वाहने)

फिरत्या चाकावर, किंवा चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर वा डिस्कवर, घर्षक पदार्थ दाबून वाहनाचा वेग कमी करणारी यंत्रणा. वाहनाच्या गतिज ऊर्जेची यात उष्णता होते. ४० टनांचा ट्रक ताशी ८० किमी वेगावरून थांबताना सुमारे १ कोटी जूल उष्णता निघते. तेवढ्यात ३० लिटर थंड पाणी उकळू लागेल. ब्रेकच्या रचनेतला खरा पेच ही उष्णता घालवण्याचा असतो.

रेल्वेत सर्वांत जुनी पद्धत म्हणजे चाकाच्या धावेवर थेट ब्लॉक दाबण्याची. बिडाच्या ब्लॉकचा स्वभाव मोठा विचित्र: भरधाव वेगात त्याची पकड ढिली असते आणि गाडी थांबता थांबता ती एकदम वाढते. थांबण्यापूर्वीचा तो ओळखीचा हिसका बऱ्याच अंशी यामुळेच बसतो. ब्रिटिश अभियंते डग्लस गाल्टन यांनी १८७८ च्या प्रयोगांत वेगाबरोबर घर्षण घटत असल्याचे मोजून दाखवले. बीड धाव खरबरीत करते, त्यामुळे गाडीचा खडखडाट वाढतो. संमिश्र (राळेत इतर पदार्थ मिसळून केलेल्या) ब्लॉकने धाव गुळगुळीत राहते आणि घर्षणही बरेचसे स्थिर असते, पण असे ब्लॉक उष्णता फारशी वाहून नेत नाहीत. ती चाकातच साठते आणि लांब उतारावर धावेला तडे जाऊ शकतात. वेगवान गाड्यांमध्ये म्हणून आसावर वेगळ्या डिस्क बसवतात.

ब्लॉक कितीही जोराने दाबला तरी चाक आणि रूळ यांच्या पकडीपेक्षा जास्त रोध मिळत नाही. ती मर्यादा ओलांडली की चाक जाम होऊन घसरते. घासलेली जागा चपटी होते, तापून लगेच थंडावल्याने तिथले पोलाद कडक व ठिसूळ बनते, आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला ‘ठक्’ ऐकू येते.

अमेरिकन संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या १८६९ च्या ब्रेकमध्ये इंजिनातून हवा पाठवली की ब्रेक लागत. नळी तुटली की संपले. १८७२ च्या सुधारणेत त्यांनी हे उलटे केले. नळीत दाब कायम ठेवायचा, आणि तो घटला की प्रत्येक डब्याने आपल्या टाकीतली हवा वापरून ब्रेक लावायचा. गाडी तुटली तर दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माघजवळ असा स्वयंचलित ब्रेक नसलेल्या गाडीचे सोडवलेले मागचे डबे चढावरून उलटे घरंगळले आणि सुमारे ८० माणसे मेली. ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना स्वयंचलित अखंड ब्रेक सक्तीचे करणारा कायदा त्याच वर्षी झाला. लांब मालगाडीत दाब घटल्याची वर्दी शेपटापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात मागचे डबे पुढच्यांना ढकलतात.

ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्येही दाब गेला की ब्रेक लागावा हाच विचार आहे: ब्रेक लावते ती स्प्रिंग, आणि हवा तिला दाबून ब्रेक मोकळा ठेवते. चालता ट्रक थांबवणाऱ्या नेहमीच्या ब्रेकमध्ये मात्र हवेनेच शू (ड्रमच्या आतल्या कमानदार पट्ट्या) ड्रमवर दाबले जातात. घाटात ब्रेक सतत लावून ठेवले की लायनरची (शूवरच्या घर्षक अस्तराची) पकड तर घटतेच, शिवाय तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो. ब्रेकचा दांडा आपल्या पल्ल्याच्या टोकाला पोचतो. त्यानंतर हवेचा दाब पुरेसा असूनही जोर मिळत नाही. अशा तापलेल्या ड्रमचे ब्रेक तिथेच आवळणे, म्हणजे शू आणि ड्रममधली फट कमी करणे, ही तर दुहेरी चूक, कारण थंडावून आकसलेला ड्रम मग शूला घासत राहतो. डिस्कमध्ये फुगण्याचा हा त्रास नाही, कारण तापलेली डिस्क पॅडच्याच बाजूला जाड होते. तरीही लांब उतारावर खालचा गिअर, इंजिन ब्रेक (इंजिनाचाच रोध) किंवा रिटार्डर (घर्षणाविना वेग रोखणारे उपकरण) यांच्यावर भार टाकून घर्षण ब्रेक अधूनमधूनच वापरतात. विजेवरच्या गाड्याही आधी मोटरनेच वेग उतरवतात. शेवटचे थांबणे आणि उभी गाडी जागेवर धरून ठेवणे बहुधा घर्षणाकडेच येते.